गच्चीवरची जिलेबी

तो ठराव कधी झालाच नव्हता.

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत तो सापडणार नाही. कुठल्या सभेत तो कुणी मांडला नाही, कुणी त्याला अनुमोदन दिलं नाही. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. मी तोंडाने म्हणालो, 'ठराव झालाय', आणि एका माणसाने माझ्या शब्दावर स्वतःचं काम स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही. आईला सांगून उपयोग नव्हता. सहा वर्षं झाली. आता लिहितोय, आणि पहिल्या चार ओळींतच छातीवरचं काहीतरी सरकल्यासारखं वाटतंय, तर पुढचंही लिहून टाकतो.

त्या माणसाला बिल्डिंगमधले सगळे रेघवाले काका म्हणत. आमची बिल्डिंग बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणापासून चालत दहा मिनिटांवर. काका तळमजल्यावर राहायचे. फ्लॅट त्यांच्या मुलीच्या नावावर होता आणि मुलगी डोंबिवलीला, त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगला ते कधी येत नसत. 'सभासद मुलगी आहे, मी पाहुणा,' म्हणायचे. एका ठेकेदाराकडे त्यांनी तीस वर्षं रस्त्यावर पट्टे मारायचं काम केलं होतं. झेब्रा क्रॉसिंग, स्टॉप लाइन, शाळेपुढची ती मोठी पांढरी अक्षरं. दहिसरपासून अंधेरीपर्यंत कुठल्या चौकात कुणाच्या हातचा पट्टा आहे हे ते लांबून सांगत.

रिटायर झाल्यावरही त्यांची नजर रस्त्यावरच असायची. भाजी घेऊन येताना मध्येच थांबत, खाली वाकत, झिजलेल्या पट्ट्यावरून बोट फिरवत आणि डॉक्टरने मान हलवावी तशी मान हलवत. सिग्नलला कुणी बाईक पट्ट्यावर आणून उभी केली की त्याच्याजवळ जाऊन अगदी नम्रपणे सांगत, "साहेब, माझ्या अंगावर उभे आहात." बाईकवाला गोंधळून आपल्या पायाखाली बघायचा आणि मागे सरकायचा. शर्टाच्या खिशात खडू कायम. आमच्या पार्किंगमध्ये कुणाची गाडी कुठे यावरून चार वर्षं भांडणं चालली होती. एका सकाळी काकांनी कुणाला न विचारता खडूने चौकोन आखले, आणि भांडणं संपली. दुसऱ्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, "काका, हे आधी का नाही केलंत?" काका म्हणाले, "आधी कुणी रेघ मागितली नव्हती. सगळे जागा मागत होते."

बायको गेल्यावर त्यांनी गच्चीवर ती गोष्ट आखली. तेव्हा मी सेक्रेटरी नव्हतो. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांच्यामध्ये पंचवीस फुटांचं एक वर्तुळ, त्याच्या आत सात फेरे, आणि त्या सगळ्या फेऱ्यांतून जाणारी एकच वाट. बाहेरून आत जायला एक तोंड, आणि चालत राहिलं की मधोमध पोचायचं. परत यायचं ते त्याच वाटेने. फाटा कुठेही नाही. मध्ये एक खिळा ठोकून त्याला दोरी बांधून त्यांनी ते गोल काढले होते, रस्त्याच्या उरलेल्या पांढऱ्या रंगाने. कड अशी की पट्टी लावून बघावी.

पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला जिलेबी नाव दिलं. मग सगळेच म्हणायला लागले. "काय काका, जिलेबी झाली का आजची?" काकांना त्याचं काही वाटायचं नाही. फक्त एकदा म्हणाले, "जिलेबी कुठूनही खायला सुरुवात करता येते. हिला एकच तोंड आहे."

त्यांच्या गावाकडे, सोलापूरच्या बाजूला माळावर, असं दगडांचं एक होतं म्हणे. गुरं राखणारी माणसं त्यातून चालायची. कुणी मांडलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे इथे विहारात जायला लागल्यावर त्यांनी चंक्रमण शिकून घेतलं, म्हणजे सावकाश, पावलाकडे लक्ष देत चालण्याचं ध्यान. "तिथे सरळ जायचं आणि सरळ परत यायचं. मला आयुष्यभर सरळच रेघा मारून कंटाळा आला होता. मला वळणं हवी होती," असं ते सांगायचे. म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र केलं.

रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला ते वर जात. तोंडाशी चपला काढत. क्षणभर उभे राहत. मग चालत. आत बोलायचं नाही, फोन न्यायचा नाही, ओलांडून मधे जायचं नाही. मी एकदा विचारलं, "काका, हे कुठल्या देवाचं?"

"कुणाचंच नाही. पायांचं आहे."

"पण मागता काय आत?"

"मागायला गेलं की वळण चुकतं. पाय टाकायचा, मग दुसरा टाकायचा." मग म्हणाले, "सेक्रेटरी, यात एक गंमत आहे. चौथ्या फेऱ्यानंतर तुम्ही अगदी मधल्याला खेटून जाता. वाटतं, आलोच. पण वाट परत बाहेर नेते, आणखी दोन फेरे. बरेच जण तिथे कंटाळतात. मी पण पहिल्या वर्षी तिथे रडायचो."

ते हे असं बोलून जायचे आणि मग मुलांना क्रिकेटची क्रीज आखून द्यायला खाली जायचे.

आता आई. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आम्ही इकडे आलो. आईला सत्तरीनंतर विसरण्याचा आजार लागला. आधी गॅसवरचं दूध, मग नातेवाईक, मग मी. घरभर फिरायची. बेडरूममधून हॉलमध्ये, हॉलमधून किचनमध्ये, दार हलवून बघायची. "घराक कधी जावचा?" एवढंच. मी म्हणायचो, "आई, हेच घर." ती माझ्याकडे बघून बायकोला विचारायची, "ह्यो पाहुणो कोण गो?"

एकदा बायको तिला घेऊन वाळवण घालायला गच्चीवर गेली. काका चालत होते. बायकोने मागे वळून बघितलं तर आईने चपला काढल्या होत्या आणि ती काकांच्या मागे चार पावलांवर चालत होती. बायको धावली, तर काकांनी न बोलता हात वर केला, थांब म्हणून. अर्धा तास लागला. मधोमध पोचल्यावर आई उभी राहिली आणि म्हणाली, "इलंय मी." मग त्याच वाटेने परत आली, चपला घातल्या, खाली येऊन जेवली आणि झोपली. घरात त्या दिवशी तिने दार हलवलं नाही.

मग ते रोजचं झालं. पाच वाजले की आई दाराशी उभी. "रेघवालो खंय गेलो?" काका तिला माई म्हणत. "चला माई, आज पाय कसे आहेत?" "माझे पाय बरे आसत. तुझे बघ." तिला त्यांचं नाव, गाव काही ठाऊक नव्हतं, पण ते तिला रोज ओळखू यायचे. मी जन्मलो तिच्या पोटी, आणि मी पाहुणा.

हे मला टोचायचं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की मत्सरामुळे केलं. मत्सर निदान माणसासारखा वाटतो. पण ते खरं कारण नाही.

माझी धाकटी बहीण वाकोल्याला राहते. ती एका रविवारी आली होती, आईला वर काकांच्या मागे चालताना बघून खाली आली आणि किचनमध्ये माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, आईला कुणाच्या मागे फिरवतोयस तू?"

"खालचे काका आहेत. चांगले आहेत."

"चांगले असतील. मी वाईट म्हणतेय का? लोक बघतात ना. चौथ्या मजल्यावरची ती बाई मला लिफ्टमध्ये काय म्हणाली ऐकायचंय?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमच्या आईला आता कोण कुठला कळत नाही, पण तुमच्या भावाला तर कळतं." मग हळू आवाजात, "आपल्यातला असता तर गोष्ट वेगळी होती, यार. तुला माहितीये मी काय म्हणतेय. माझ्या तोंडून वदवू नकोस."

मी वदवलं नाही. गरज नव्हती. काकांच्या हॉलमध्ये बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आमच्याकडे कुलदेवतेचा. खरं कारण त्यांची जात होती. हा शब्द मी इथे पहिल्यांदा लिहितोय. बहिणीला दोष देऊन मोकळं होता येईल, पण तसं करत नाही, कारण ती बोलली तेव्हा मला राग आला नाही. मला बरं वाटलं. माझ्या मनात कितीतरी दिवस बसलेलं काहीतरी दुसऱ्याने उचलून टेबलावर ठेवलं होतं, आणि मला स्वतःला हात लावावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो. म्हणालो, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला होता, कमिटीने ठराव केलाय, गच्चीवर कुणाच्याही रेघा, कुंड्या, काही नको.

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "ठराव झालाय?"

"झालाय."

"कागद?"

हे त्यांचं ठरलेलं होतं. तरुणपणी मुकादमाने नुसतं तोंडी सांगितलं म्हणून त्यांनी भलत्याच ठिकाणी एक झेब्रा मारला होता, आणि मग ठेकेदाराने तो त्यांच्याकडूनच रात्रभर खरवडून काढला होता. त्यानंतर कागद दाखवल्याशिवाय त्यांनी ब्रश उचलला नव्हता. रिटायर होईपर्यंत.

मी म्हणालो, "टाइप व्हायचाय अजून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे झाला असेल."

मी कामगार पाठवतो म्हटलं तर नको म्हणाले. "दुसऱ्या कुणी पुसलं तर डाग राहतील." राखाडी रंग त्यांनीच आणला. दोन दिवस गुडघ्यांवर बसून त्यांनी सातही फेरे झाकले, बाहेरून आत, त्याच क्रमाने, त्याच सफाईने. मी डबा धरून उभा होतो. मधल्या जागेपाशी ते थोडा वेळ बसून राहिले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "सेक्रेटरी, इथे रंगाचे दोन हात लागतील. मधली जागा जास्त प्यायलीये."

बिल्डिंगमध्ये कुणीच काही विचारलं नाही. लोकांनी आपापलं ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला कंटाळा आला असेल. जोशी म्हणाले, "मनात आलं काढलं, मनात आलं पुसलं, कलाकार माणूस." मी तिथेच होतो. मी हसलो.

आई पाच वाजता वर जायची आणि राखाडी फरशीकडे बघत उभी राहायची. "ह्या कोणी पुसल्यान?" बायकोला विचारायची. मग खाली येऊन दार हलवत बसायची. काका संध्याकाळी वर येईनासे झाले होते. जिन्यात भेटले की आईला म्हणायचे, "माई, थांबा थोडे दिवस."

दहा दिवसांनी, रविवारी दुपारी, बायको आंघोळीला गेली, मी टीव्हीसमोर डुलक्या घेत होतो, आणि आई गेली. दार उघडं. वॉचमन जेवायला बसलेला.

मी आधी नेहमीच्या जागा धुंडाळल्या. बाग, मंदिर, भाजीगल्ली, मग स्टेशनच्या बाजूला धावलो. प्रत्येक हिरव्या साडीमागे गेलो. पाऊण तासाने पोलीस चौकीत जायचं म्हणून फोटो घ्यायला घरी आलो. काका दारात उभे होते. बायकोने त्यांना बोलावलं होतं.

त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. विचारलं, "चपला कुठल्या घालून गेल्यात?"

बायको म्हणाली, "कुठल्याच नाही, काका. इथेच काढून ठेवल्यात. बघा ना, नीट जोडीने."

काकांनी चपलांकडे बघितलं. दाराच्या बाहेर, तोंड बाहेरच्या बाजूला, शेजारी शेजारी. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग माई हरवल्या नाहीत. त्या चालायला गेल्यात." माझ्याकडे वळले. "रेघ कुठे आहे ते शोधायचं. शाळेपुढचा झेब्रा परवा नवा मारलाय. चला."

शाळेपुढचा चौक आमच्यापासून आठ मिनिटांवर आहे आणि तिथून हायवेची वाहनं वळतात. मी पळत होतो, काका माझ्या मागे दुखऱ्या गुडघ्यांनी येत होते. लांबूनच हॉर्न ऐकू येत होते. मी वळलो आणि बघितलं.

आई झेब्रावर होती. अनवाणी. एका पांढऱ्या पट्ट्यावरून एक एक पाऊल टाकत टोकापर्यंत जायची, वळायची आणि पुढच्या पट्ट्यावरून परत यायची. एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावून अख्खी लेन अडवली होती आणि तो बाहेर उभा राहून मागच्या टेम्पोवाल्याशी भांडत होता. "अरे रुक ना भाई. अम्मा का पट्टा पूरा होने दे."

मी रस्त्यात शिरलो आणि तिचा हात धरायला गेलो. तोवर पोचलेल्या काकांनी मागून माझी कॉलर धरली. माझ्या आयुष्यात त्यांनी मला तेवढा एकदाच हात लावला.

"दोन पट्टे राहिलेत. थांबा."

मग ते चपला काढून तिच्या मागे गेले, चार पावलांवर. टेम्पोवाल्याने हॉर्न बंद केला. तो शहाणा झाला म्हणून नाही, बहुतेक त्याला काही कळेना म्हणून. आई शेवटच्या पट्ट्याच्या टोकाला पोचली, फुटपाथवर चढली, मागे वळून काकांना बघून म्हणाली, "इलंय मी. तू खंय रवलंस?"

"इथेच होतो, माई."

रिक्षावाला मला म्हणाला, "साहब, आपकी मदर है क्या? ध्यान रखा करो." आणि आम्हा तिघांना घरी सोडून गेला. मी रिक्षात रडलो. आई माझ्या पाठीवर हात ठेवून काकांना म्हणाली, "ह्या पाहुण्याक काय झाला?" काका हसले. मग मीही. त्या दिवसाएवढं हलकं मला आयुष्यात कधीच वाटलं नव्हतं. ती जिवंत होती, पायाला साधं खरचटलंही नव्हतं.

उतरल्यावर मी म्हणालो, "काका, पुन्हा काढा ना. आजच."

ते म्हणाले, "ठरावाचं काय? ठराव आहे तोवर मी रेघ मारणार नाही. आधी तो बदलून आणा."

जो झालाच नाही तो ठराव मी कसा बदलणार होतो? खरं सांगायची वेळ तीच होती. रिक्षातून नुकते उतरलो होतो, आई त्यांच्या हाताला धरून उभी होती, ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बघतो."

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा होती. त्यात मी विषय टाकला, 'गच्चीवर चालण्याच्या व्यायामासाठी रेघा आखण्यास परवानगी'. मला वाटलं होतं, वादळ होईल. पाण्याच्या टाकीच्या विषयाआधी दीड मिनिटात तो मंजूर झाला. अनुमोदन चौथ्या मजल्यावरच्या त्याच बाईने दिलं. तिला मधुमेह होता आणि डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. कुणी म्हणालं, "पण काकांनी स्वतःच पुसली होती ना?" मी पुढचा विषय वाचायला घेतला.

ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"यात जुना ठराव रद्द केल्याचं लिहिलेलं नाही."

"ते त्यातच आलं, काका."

"असं का?" एवढंच म्हणाले. कागदाची घडी करून खडूच्या खिशात ठेवली.

या वेळी मधल्या खिळ्यापाशी दोरी धरून मी बसलो आणि ते फेरे मारत गेले. आई खुर्चीवर बसून सूचना करत होती. तिसऱ्या दिवशी रंग वाळला आणि पाच वाजता दोघं चालायला लागले. पुढे दीड वर्ष, आजारी पडेपर्यंत, ती रोज चालली. घरच्याच बिछान्यात गेली, शांतपणे. शेवटच्या आठवड्यात पांघरुणाखाली तिचे पाय हळूहळू हलत असत. मी ते बघत बसायचो आणि मला वाईट वाटत नसे.

तिच्या तेराव्यानंतर मी पहिल्यांदा स्वतः त्या वाटेने गेलो. चौथ्या फेऱ्यानंतर मधल्याला खेटून गेलो आणि परत बाहेर फेकला गेलो, काका म्हणाले होते तसाच. तिथे रडलो नाही. एवढंच कळलं की अजून चालायचं आहे.

काका गेल्या वर्षी डोंबिवलीला मुलीकडे राहायला गेले. गुडघे गेलेत. फोनवर विचारतात, "सेक्रेटरी, रेघा फिकट झाल्या का?" मी आता सेक्रेटरी नाही, तरी ते तसंच म्हणतात. मी सांगतो, फिकट झाल्यात, पण लोक चालतायत.

ठराव खोटा होता हे त्यांना बहुधा कळलेलं आहे. कागद वाचणारा माणूस. त्या खोटेपणाबद्दल ते मला कदाचित बोलणारही नाहीत. पण मी तसं का केलं हे त्यांना मी सांगितलेलं नाही, आणि ते माझ्या तोंडून ऐकायचा त्यांचा हक्क आहे. डोंबिवलीला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, जात हा शब्द उच्चारून ते कारण सांगणं, एवढं मी त्यांचं अजून देणं लागतो.